अर्धा सलाम

ज्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं, अशा मुलाच्या हातावर मी भरल्या जिममध्ये ओठ टेकवले!

थांबा, लगेच भुवया उंचावू नका. मी तशी मुलगी नाही. निदान तेव्हा तरी नव्हते.

ऑक्टोबर संपत आला होता. अल्माटीच्या रस्त्यांच्या कडेला वाहणारे पाट गळलेल्या पानांनी तुंबले होते. मला या शहरात येऊन दोन महिने होत आले होते, आणि एवढ्या दिवसांत माझ्याशी स्वतःहून कोणी दोन शब्द बोललं नव्हतं. बोलायचे ते कामापुरतं. ओळखपत्र दाखव. खिडकी लाव. पुढे सरक. आमच्या होस्टेलमध्ये पामीरची मी एकटीच. संध्याकाळी दिवे लागले, की खिडकीतून दक्षिणेचे डोंगर दिसायचे, आणि ते आपले नाहीत या विचारानं मी पडदा ओढून घ्यायची.

आईला फोनवर मी रोज सांगायची, बरी आहे. एक दिवस मात्र बांध फुटला.

"आई, जानेवारीत परीक्षा झाली की मी येते. कायमची."

आईनं चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ये गं बाई. चूल काय, तुझीच आहे." आणि फोन ठेवताना नेहमीसारखं, "हात गरम ठेव हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आमच्या गावातून बाहेरदेशी शिकायला गेलेली मी पहिली मुलगी. निघाले तेव्हा सगळं गाव जीपपर्यंत पोहोचवायला आलं होतं. शिष्यवृत्तीची जागा सोडली तर ती पुन्हा मिळणार नव्हती, माझ्या पाठच्या मुलींनाही मग कोणी पाठवलं नसतं. हे सगळं मला कळत होतं. पण कळून काय करायचं? ज्याच्याशी बोलावं असं माणूस नसेल, तर भूगर्भशास्त्र काय चाटायचंय?

अशा अवस्थेत मी खेळाच्या तासाला एका कोपऱ्यात उभी होते. कोणाचा तरी व्हॉलीबॉल भरकटत माझ्याकडे आला. मी झेपावले आणि जमिनीपासून वीतभर असताना तो वर उचलला.

"अगं ए जुराबवाली!" रौशन आपाय गरजल्या. आपाय म्हणजे आमच्या खेळाच्या बाई. गळ्यात शिट्टी, आवाज ट्रकसारखा. माझ्या पायात घरी विणलेले रंगीबेरंगी मोजे असायचे, त्या जुराबांवरून त्यांनी मला हे नाव दिलं होतं. "कसा उचललास तो?"

"हातांनी."

"शहाणीच आहेस. शनिवारी सामना आहे. परदेशी होस्टेल आणि इथली पोरं. तू खेळतेस."

"आपाय, मला नाही जमणार, माझा अभ्यास..."

"विचारलं कोणी तुला?"

तर असा तो शनिवार. मुलं-मुली मिसळूनच खेळायची. समोरच्या संघात एक उंचच उंच मुलगा होता, गालाची हाडं वर आलेली, कातडी वाऱ्यानं रापलेली. त्याच्याच संघातले त्याला "ए मंगोल" अशा हाका मारत होते, चेंडू मात्र देत नव्हते. चुकून कधी आलाच त्याच्याकडे, तर तो असा फोडायचा की आमच्या पोरी किंचाळून बाजूला व्हायच्या.

मी नाही झाले. पहिला उचलला. त्यानं जाळीतून माझ्याकडे पाहिलं. दुसरा उचलला... त्याची भुवई वर गेली. तिसऱ्या वेळी मी जमिनीवर लोळण घेतली, केस तोंडात गेले, कोपर सोललं, पण चेंडू वर! आणि तो चक्क हसला. चेंडूकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

आम्ही हरलो. मग जाळीखालून हात मिळवायची रांग लागली. शेवटचा हात त्याचा. गरम, खरखरीत, बोटांच्या मुळाशी लगाम धरून पडलेले घट्टे. हुबेहूब माझ्या मामाचा हात. दोन महिन्यांत माझा हात कोणी असा हातात घेतला नव्हता... आणि माझी मान आपोआप खाली गेली.

आमच्या गावाकडे सलाम असाच करतात. दोघं एकमेकांचा हात घेतात आणि दोघंही वाकून एकमेकांच्या हातावर ओठ टेकवतात. बाई असो, पुरुष असो, दुकानदार असो. त्यात काही म्हणजे काही नसतं. पण हे अल्माटीला कोण सांगणार?

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मग जी शिट्ट्यांची आणि आरोळ्यांची दंगल उसळली... विचारू नका. मी तिथून पळाले. दारातून एकदाच वळून पाहिलं. सगळे पोट धरून हसत होते, आणि तो मात्र हात तसाच पुढे धरून, खांबासारखा उभा होता.

*

"काय गं, कझाक हाताची चव कशी असते?" खोलीत पाऊल टाकताच जेरेननं विचारलं. जेरेन माझी खोलीतली सोबतीण, तुर्कमेन. तोपर्यंत आमचं बोलणं खिडकीपुरतंच होतं.

"खारट," मी उशीत तोंड खुपसून म्हणाले.

ती इतकी हसली की पलंगावरून घसरली. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू. जेरेन उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या सोललेल्या कोपराला मलम लावू लागली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये, सगळ्यांत मागच्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून बसले होते. दूध घातलेला चहा समोर. इकडेतिकडे पाहून मी त्यात हळूच मीठ टाकलं. घरी आम्ही खारट चहात पाव कुस्करून खातो, पण इथे एकदा सर्वांसमोर तसं केलं तर पोरींनी नाकं मुरडली होती. म्हणून ही चोरी.

"मीठ दे जरा."

मान वर केली... आणि कान तापले. तोच! हातात चहाचा पेला.

"कशात घालणार?" मी विचारलं.

"कशात म्हणजे? चहात." तो समोर बसला. त्यानं चांगलं चमचाभर मीठ घातलं आणि घोट घेतला. "इथले लोक चहा बिनमिठाचा कसा पितात देव जाणे."

मी बघतच राहिले. "तू कझाक ना?"

"कझाकच. पण मंगोलियातला. बायान-उल्गीचा." तो मोडकंतोडकं रशियन बोलत होता, माझं त्याहून थोडं बरं. "सायलाऊ नाव माझं. तुझं?"

"सवसन."

"सवसन, त्या दिवशी तो काय प्रकार होता?"

मी मान खाली घालून एका दमात सांगून टाकलं. सलाम, हात, दोघांनी एकाच वेळी वाकणं, सगळं. तो गंभीरपणे ऐकत होता.

"म्हणजे तू तुझा अर्धा दिलास. आणि मी?"

"तू खांबासारखा उभा राहिलास."

"मग माझा अर्धा माझ्यावर राहिला." त्यानं टेबलावर हात पुढे केला. "आण. आत्ता देतो."

"वेडा आहेस का? इथे? लोकांची करमणूक एकदा केली तेवढी पुरे!"

"मग कधी?"

"बघ बाबा." आता मलाही चेव चढला. "पण लक्षात ठेव, आमच्याकडे अर्धा सलाम अंगावर ठेवून कोणी गाव सोडत नाही. ज्याचा राहिला त्याला परत यावं लागतं."

"खरंच?" त्याचे डोळे विस्फारले.

"छे. आत्ताच बनवलं."

तो खो खो हसला. मीही हसले. त्या शहरात कोणाच्या तरी समोर बसून मी पहिल्यांदा चहा संपवला, खारट, मनासारखा.

*

पुढच्या सरावाला तो परदेशी संघाच्या बाजूला येऊन उभा राहिला. आपायनी शिट्टी तोंडातून काढली.

"तुझा संघ तिकडे आहे."

"आपाय, तिकडे मला चेंडू मिळत नाही."

"तू कझाक आहेस रे."

"त्यांनाही सांगा ना जरा," तो म्हणाला.

आपायनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "बरं. उभा राहा. पण खेळायला उभा राहा, बघायला नाही."

थंडी सुरू झाली. पाट गोठले. आठवड्यातले सरावाचे दिवस सोडले तर बाकीचे दिवस मी कसे काढायची, ते माझं मला माहीत. सरावाच्या दिवशी मात्र सकाळीच जाग यायची. खेळून झाल्यावर आपाय पिशवीतून बाउरसाक काढायच्या, तळलेले पिठाचे गोळे, फुगलेले, अजून कोमट. आम्ही जमिनीवर गोल बसून ते खायचो. कोणाला कोणाची भाषा धड येत नव्हती, आणि तरी सगळे एकाच वेळी बोलायचे. जेरेनही यायला लागली. तिला खेळता येत नव्हतं. ती नुसती ओरडायला यायची, आणि आमच्यापेक्षा जास्त दमायची.

होस्टेलपर्यंत चालत जाताना सायलाऊ आपोआप माझ्या शेजारी असायचा. बर्फ भुरभुरत असायचा. वारा यायचा त्या बाजूनं तो चालायचा, मला आडोसा करून. एकदा मी मुद्दाम बाजू बदलली, तर दोन पावलांत तो पुन्हा त्याच बाजूला.

"तू बाहेर जाणाऱ्या चेंडूवरही झेप का घेतेस?" त्यानं एकदा विचारलं. "जाऊ दे ना. आपल्यालाच गुण मिळेल."

"सवय आहे. आमचं मैदान डोंगराच्या उतारावर. खाली प्यांज नदी. नदीपलीकडे अफगाणिस्तान. चेंडू सुटला की गेला. एकदा तर पलीकडच्या पोरांनी काढला आणि आम्हाला हात करून दाखवला. आम्ही इकडे रडतोय, ते तिकडे खेळतायत!"

तो हसला. मग म्हणाला, "इथे भिंती आहेत. इथे पडला तरी परत येतो."

माझ्या पापण्यांवर बर्फ साचला होता, आणि तो पुसायला उचललेला त्याचा हात अर्ध्यावर थांबला... आणि मग त्यानं तो स्वतःच्या टोपीकडे नेला. टोपी तर नीटच होती.

"तुला एकटं वाटतं का रे?" मी विचारलं.

"तुला निदान कळतं की तू परकी आहेस," तो म्हणाला. "मला सगळे म्हणतात, आलास बाबा आपल्या घरी! आणि घरात कोणी बोलत नाही. मी तोंड उघडलं की माझ्या बोलण्याला हसतात. तिकडे आम्हाला आयुष्यभर कझाक म्हणाले, इकडे मंगोल म्हणतात. आई विचारते, घर कसं आहे? मी सांगतो, मोठं आहे."

त्याचा आवाज अगदी साधा होता. म्हणूनच मला भरून आलं. मी त्याच्या बाहीला हात लावला. बाहीलाच. मग ज्याच्याशी खोटं बोलावंसं वाटत नव्हतं असा तो एकच माणूस होता, म्हणून सांगून टाकलं.

"सायलाऊ... मी जानेवारीत जातेय. परत येणार नाही."

तो थांबला. बर्फावर त्याच्या बुटांचा आवाज थांबला.

"का?"

"नाही राहवत रे. सराव असतो तोवर ठीक असतं. मग खोलीत गेलं की भिंती अंगावर येतात. आईचा आवाज ऐकला की जीव तुटतो."

"मग तुझ्या जागी कोण?"

"मिळेल कोणी. आपाय शोधतील."

"मी संघाचं नाही विचारलं," तो म्हणाला. आणि चालू लागला, वाऱ्याच्याच बाजूनं.

त्यानंतर त्यानं एकदाही 'थांब' म्हटलं नाही. मला वाटलं होतं, म्हणेल. खरं सांगू? म्हणावं असं वाटत होतं. तो उलट माझ्या परीक्षेसाठी जागा धरून ठेवायचा, वाचनालयातल्या गरम पाइपाजवळची, आणि समोर बसून स्वतःचं रशियन घोटत राहायचा. कधी मान वर केली तर नजर भेटायची. लगेच दोघंही पुस्तकात! जेरेन मध्ये बसून उसासे टाकायची.

"मेल्यांनो, तुमच्यामुळे माझा अभ्यास होत नाही."

*

निघायचा दिवस उजाडला. ताश्कंदची बस सकाळची होती, तिथून पुढे दुशान्बे, आणि मग जीपनं नदीकाठानं घर. बसस्थानकावर ताजा बर्फ पडला होता. जेरेननं खोलीतच मला मिठी मारली आणि तोंड फिरवलं. तिनं मला काही विचारलं नव्हतं, पण मी चादरीसुद्धा गुंडाळल्या हे तिनं पाहिलं होतं.

सायलाऊ माझ्या आधीच येऊन उभा होता. नाक लालबुंद, काखेत एक पुडकं.

"आपायनी दिलंय."

उघडून पाहिलं. वर बाउरसाक, आणि खाली सरावात वापरायचे गुडघ्याचे पॅड. माझेच.

"हे कशाला?"

"म्हणाल्या, सरकारी आहेत. सुट्टी संपली की आणून दे. हरवले तर बघ म्हणाल्या."

"पण मी परत येणार नाही हे त्यांना..."

"मी नाही सांगितलं," तो घाईनं म्हणाला. "त्या म्हणाल्या, पोरांची तोंडं मी रोज बघते, मला काय कोणी सांगायला हवं?"

मी पुडकं छातीशी धरलं. बसचं इंजिन सुरू झालं. लोक गाठोडी चढवू लागले.

"सवसन, मी तुला थांब म्हणायला आलो नाही," सायलाऊ म्हणाला. तो वाक्य घोकून आला होता, हे कळत होतं. रशियनही नेहमीपेक्षा बरं होतं. "मी राहिलेलं द्यायला आलोय. अर्धा सलाम अंगावर ठेवून कोणी गाव सोडत नाही, म्हणालीस ना."

"ते मी बनवलं होतं रे..."

"माहितीये. पण मी मानलं. तू मोकळी होऊन जा. इथलं काही... काही अडकलेलं नको तुझ्यामागे."

त्यानं स्वतःचा हातमोजा काढला. मग माझा, एकेक बोट सोडवत. माझा हात त्याच्या हातात होता, तोच गरम, खरखरीत हात, पण आता मामाचा वाटत नव्हता. त्याचाच वाटत होता. त्यानं मान खाली केली. त्याचा श्वास माझ्या बोटांना लागला...

आणि मला एकदम धस्स झालं. हे झालं, की संपलं. मग या शहरात माझं काहीच उरणार नव्हतं. आपायच्या आरोळ्या, जेरेनचं मलम, खारट चहा, वाऱ्याच्या बाजूनं चालणारा हा मुलगा, सगळ्यांचा निरोप होणार होता. मला तो नको होता. चूल हवी होती, आई हवी होती, पण हा निरोप नको होता!

मी हात हिसडून मागे घेतला.

त्याचा चेहरा उतरला. "नको?"

"आत्ता नको."

"मग कधी?"

"फेब्रुवारीत." माझा आवाज चिरकला. "राहू दे ना तुझ्यावर. अर्धा राहिला की परत यावं लागतं."

"पण ज्याचा राहिला त्याला यावं लागतं म्हणालीस. राहिलाय तर माझा."

"नियम माझा आहे, मी बदलेन!"

तो माझ्याकडे बघत राहिला. हळूहळू, फारच हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आणि फेब्रुवारीतही मी दिला नाही तर?"

"तर मला दर सुट्टीनंतर यावं लागेल," मी म्हणाले. मग आता लाजायचं तरी किती म्हणून म्हटलंच, "मला तू आवडतोस रे, खांबा. कळतंय का तुला काही?"

"कळतंय," तो म्हणाला. "मला ऑक्टोबरपासून कळतंय. तू तिसरा चेंडू उचललास ना, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"मला रशियन कुठे येत होतं!"

"ए पोरी!" दारातून कंडक्टरबाई खेकसली. "मुका घ्यायचा तर घे, नाहीतर चढ! माझी बस थंड होतेय!"

आजूबाजूची गाठोडीवाली माणसं हसली. या खेपेला मी पळाले नाही.

"चढते," मी म्हणाले, आणि चढले.

काचेवर वाफ धरली होती. मी ती बोटानं पुसली. तो तिथेच उभा होता, टोपी वाकडी झालेली, आणि या वेळी मात्र ती नीट करायचं त्याला सुचत नव्हतं. बस वळली, डोंगर मागे गेले, आणि मला रडू आलं. शेजारच्या आजींनी न विचारता माझ्या मांडीवरच्या पुडक्यातला एक बाउरसाक माझ्याच हातात दिला.

शहर संपता संपता मी आईला फोन लावला.

"आई, मी येतेय. पण कायमची नाही गं. सुट्टीपुरतीच."

तिकडे चुलीवर काहीतरी उकळत असल्याचा आवाज येत होता.

"बरं," ती शेवटी म्हणाली. ती रडत होती की हसत होती, मला आजही सांगता येणार नाही. "हात गरम ठेव हो."

मी हातांकडे पाहिलं. हातमोजा एकच होता. दुसरा त्याच्याकडे राहिला होता. आजवर मला नुसतंच एकटं वाटायचं. त्या सकाळी पहिल्यांदा मला त्याच्यावाचून एकटं वाटत होतं. मी तो उघडा हात कोटाच्या खिशात घातला, आणि सीमा येईपर्यंत बाहेर काढला नाही.